वजन खालच्या बाजूला

केडगावातल्या आमच्या वसाहतीच्या ज्येष्ठ नागरिक सभागृहाच्या दारावर एके दिवशी हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला दिसला. ‘जपानी पद्धतीची देह-मन साधना. रोज सकाळी साडेसहा ते साडेसात. सर्वांना मोकळे.’ खाली सही नव्हती, दिनांक नव्हता, परवानगीचा जावक क्रमांक नव्हता. सार्वजनिक इमारतीच्या दारावर बिनसहीचा कागद लावणे याला माझ्या लेखी एकच शब्द आहे, तो म्हणजे अतिक्रमण. आत डोकावल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. ज्या लांब टेबलाशी मी निवृत्तीनंतरची अकरा वर्षे रोज सकाळी दहाला वर्तमानपत्रे वाचत बसत आलो आहे, ते टेबल उचलून व्हरांड्यात ठेवले होते. पाने वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोणीतरी त्यावर विटेचा अर्धा तुकडा ठेवला होता. तोवर मी केवळ नाराज होतो. त्या विटेने मला संताप आणला.

मी छत्तीस वर्षे न्यायालयात नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. या काळात हजारो अर्ज माझ्या टेबलावरून गेले आणि माझे एक मत पक्के झाले, ते असे की माणसे चुकीची असतात म्हणून हरत नाहीत, वाईट लिहितात म्हणून हरतात. निवृत्त झाल्यावर मी स्वतः लिहू लागलो. बंद पथदिवे, उघडी गटारे, बसथांब्याचे उडालेले छप्पर, पाण्याच्या टाकीची मोडकी शिडी यांविषयी मी लिहिले आहे. माझ्या पत्राला विषय असतो, संदर्भ असतो, परिच्छेदांना क्रमांक असतात. पत्र मी हातानेच लिहितो, मधे कार्बन घालून. कोपऱ्यावर झेरॉक्स मिळते हे मला ठाऊक आहे. परंतु झेरॉक्सच्या प्रतीत लिहिणाऱ्याचा जोर उतरत नाही. माझी पाचवी प्रतसुद्धा स्पष्ट वाचता येते आणि याचा मला अभिमान होता. सहीखालच्या रबरी शिक्क्यावर जिल्ह्याचे नाव अजून जुनेच आहे. तो बदलावा की नाही याबद्दल माझा स्वतःशीच पत्रव्यवहार चालू आहे.

पत्राच्या तळाशी मी ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ असे लिहून चार वरिष्ठ कार्यालयांची नावे घालतो. मूळ पत्र ज्याच्याकडे जाते त्याने ते दाबून ठेवू नये यासाठी वरच्यांना आधीच कळवून ठेवायचे, ही आमच्या पिढीच्या कारकुनांची खबरदारी. मी ती एकदाही चुकवलेली नाही.

आणि पत्र पाठवण्यापूर्वी, दुपारच्या चहानंतर, मी ते माझ्या पत्नीला वाचून दाखवतो. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती; तिचा कान पक्का आहे. ती समोरच्या दिवाणावर शेंगा सोलत किंवा गहू निवडत बसते. वाचताना माझा आवाज चढतो, कारण जे वाईट आहे ते खालच्या पट्टीत वाचणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. वाचून झाले की मी विचारतो, कसे झाले आहे? ती एखादी चूक सांगते. बव्हंशी ती चूक खरी असते.

सभागृहाविषयीचे पत्र सात परिच्छेदांचे झाले. ‘सदर वर्ग तात्काळ बंद करून सभागृहास कुलूप लावण्यात यावे’ ही शेवटची मागणी. मी ते वाचले. पत्नी नेहमीपेक्षा शांत बसली होती, हातातले सूपही हलत नव्हते. कसे झाले आहे, असे विचारल्यावर ती म्हणाली, “पाचव्या परिच्छेदात ‘सबब’ दोनदा आलंय.” मी एक ‘सबब’ खोडला आणि पत्रे नेऊन दिली.

पंधरा दिवसांनी प्रभाग कार्यालयाने कळवले की आपण नमूद केलेल्या बाबींचे प्रत्यक्ष पुरावे सादर करावेत. तक्रारदारालाच तपास अधिकारी बनवण्याची ही जुनी युक्ती मी ओळखून आहे. पण या वेळी राग येण्याआधी थोडा उत्साह वाटला हे कबूल केले पाहिजे. जपानी पद्धत म्हणजे नेमके काय, केडगावात ती कोण शिकवतो, आणि पहाटे उठून कोण शिकतो, हे मला पाहायचे होते. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी पावणेसातला सभागृहावर गेलो. पत्नी त्याआधीच घराबाहेर पडली होती. ती रोज सकाळी फिरायला जाते एवढे मला माहीत होते. कुठे जाते, हे विचारण्याचे मला कधी कारण पडले नव्हते.

सतरंजीवर चौदा जण बसले होते. काही गुडघे मुडपून टाचांवर, काही घडी घातलेल्या चादरीवर मांडी घालून, दोघे खुर्च्यांवर. कोणी हलत नव्हते. दुसऱ्या ओळीत भिंतीकडेला पाठ ताठ ठेवून माझी पत्नी बसली होती.

तिने डोळे उघडले. दारात मी, हातात वही, हे तिने पाहिले. ती दचकली नाही.

“चपला बाहेर काढा,” ती म्हणाली आणि तिने डोळे पुन्हा मिटत आणले.

मी चपला बाहेर काढल्या.

शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या आत-बाहेरच्या होत्या. सुती साडी, खोचलेला पदर, अनवाणी पाय. मी मनात कोणी भगव्या किंवा पांढऱ्या झग्यातली व्यक्ती धरून चाललो होतो, तिच्याविरुद्ध दोन वाक्येही तयार होती; ती वाया गेली. या बाई नेवाशाकडच्या एका शेतकरी घरातल्या. सुप्याजवळच्या एका जपानी कारखान्यात त्यांनी आठ वर्षे सुटे भाग तपासण्याचे काम केले होते. तिथल्या एका जपानी अधिकाऱ्याची वृद्ध आई काही वर्षे मुलाजवळ राहायला आली होती. तिला इथली भाषा येत नव्हती आणि या बायकांना तिची. तरी जेवणाच्या सुटीत ती चार-पाच जणींना समोर बसवून हाताने दाखवी, खांद्याला बोट लावी, पोटावर थाप मारी. बाईंचे शिक्षण तेवढेच. हे सगळे मला नंतर कळले. त्या वेळी मी फक्त त्यांचे बोलणे उतरवून घेत होतो.

“डोळे बारीक ठिवा,” त्या सांगत होत्या. “पार झाकले की झोप येती. नाभीच्या खाली तीन बोटं एक जागा हाय. तिथं मन ठिवा. पळालं तर रागवू नका, पुन्ना आनून ठिवा.”

मी वहीत लिहिले: ‘नाभीखाली तीन बोटे. जागा दाखवली नाही.’

“भाऊसाहेब, लिहून झालं का?” बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. “झालं आसंल तर या जरा.”

पुरावा गोळा करायचा तर मागे राहून भागत नाही. मी पुढे गेलो. त्यांनी मला उजवा हात समोर सरळ धरायला सांगितले आणि पहिल्या ओळीतल्या एका गृहस्थांना उठवले. ते निवृत्त एसटी चालक. त्यांनी एक हात माझ्या कोपराच्या खोबणीत ठेवला, दुसऱ्याने मनगट धरले आणि हात वाकवू लागले. मी सगळी शक्ती लावली. दंड थरथरला, जबडा आवळला गेला आणि हात कोपरातून दुमडला.

“साहेब, तुमी स्टेरिंग आवळून धरलंय,” चालक म्हणाले. “आशानं गाडी घाटात घालाल.”

लोक हसले. माझी पत्नी हसली की नाही हे मी मुद्दाम पाहिले नाही.

“आता आवळू नका,” बाई म्हणाल्या. “ओली गोधडी दोरीवर टाकली की पानी कुठं जमतं? खालच्या काठाला. तसं हाताचं वजन खालच्या बाजूला जाऊ द्या. अन् मन बोटाच्या पुढं धाडा. भिंतीच्या पल्याड, पार पुने रोडला.”

माझा विश्वास नव्हता. पण एखादी गोष्ट खोटी ठरवायची तर ती आधी प्रामाणिकपणे करून पाहिली पाहिजे, एवढी न्यायबुद्धी मला आहे. मी गोधडी आठवली. पुणे रोडवरचा ट्रकांचा आवाज सकाळी तिथपर्यंत येतो, त्याच्याकडे लक्ष दिले. चालकांनी पुन्हा जोर लावला. त्यांचा चेहरा लाल झाला, ते चवड्यांवर उभे राहिले, एकदा ‘थांबा’ म्हणून पकड बदलली. हात वाकला नाही. विशेष म्हणजे मला काही करावे लागत नव्हते.

मी ताबडतोब आक्षेप घेतला. हा माणूस तुमचा विद्यार्थी आहे, त्याने मुद्दाम जोर कमी लावला, असे मी म्हणालो.

“मी तुमाला कशाला जिंकू देईन, साहेब?” चालक घाम पुसत म्हणाले. “थांब्यावर गाडी थांबवली न्हाई म्हनून माझी तक्रार तुमीच केल्ती. दोनदा खुलासा द्यावा लागला मला.”

ते पत्र मला आठवले. साक्षीदार माझ्या बाजूचा नव्हता, हे निर्विवाद सिद्ध झाले.

परतताना पत्नी आणि मी बरोबर चाललो, ही आमच्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे, कारण मी पुढे चालतो. किती दिवस येतेस, असे मी विचारले. सात महिने, ती म्हणाली; कागद लागण्याआधी आम्ही चौघी-पाचजणीच होतो आणि टेबल तुम्ही यायच्या आत परत जागेवर ठेवत होतो. मला सांगितले का नाहीस? तुम्ही विचारलं नाहीत. मग पत्र वाचले तेव्हा? त्यावर ती म्हणाली, पत्र कसं झालंय हे तुम्ही विचारलंत, आणि ते चांगलं झालं होतं.

यातून तुला मिळते तरी काय, असे मी विचारले तेव्हा मला वाटले होते की ती गुडघ्यांचे काहीतरी सांगेल. पिठाच्या गिरणीपाशी ती थांबली.

“तुम्ही पत्र वाचता ना, तेव्हा माझा श्वास इथं अडकायचा,” तिने गळ्याखाली बोट ठेवले. “तुम्ही माझ्यावर चिडलेले नसता, कळतं मला. पण समोर मीच असते. पत्र संपेपर्यंत बसता यावं म्हणून शिकायला लागले.” मग ती म्हणाली, “आता बसता येतं.”

“आणि वर्ग बंद झाला तर?”

“तुम्हीच लिहिलंय की, बंद करावा म्हणून,” ती म्हणाली आणि चालू लागली.

त्या दिवशी मी अतिशय संतापलो. संताप कोणाला उद्देशून आहे हे ठरेना. वहीचे पान काढून वर ‘प्रति’ असे लिहिले आणि खाली कोणतेही पदनाम बसेना. बाईंना लिहावे, तर त्यांनी काय केले होते? पत्नीला लिहावे, तर ती पलीकडच्या खोलीत होती. माझ्या आयुष्यात पत्ता न सापडलेला तो पहिला राग. तो घेऊन मी संध्याकाळपर्यंत बसलो आणि मला एका गोष्टीचे कुतूहल वाटू लागले. ऐकणाऱ्याच्या जागी बसल्यावर माझे पत्र कसे लागत असेल? छत्तीस वर्षांत मी वादी पाहिले, प्रतिवादी पाहिले, पंच पाहिले. नुसता ऐकत बसलेला माणूस मी कधी तपासला नव्हता.

पाहणी अपूर्ण आहे, असे स्वतःला बजावून मी पुन्हा जाऊ लागलो. मात्र वर्ग सुटल्यावर. साडेसातला पत्नी पायऱ्या उतरे, मी चढत असे, आणि आम्ही शेजाऱ्यांसारखी मान हलवत असू. त्यानंतर अर्धा तास बाई आणि चालक थांबत.

मी अकरा प्रश्नांची यादी नेली होती. बाईंनी ती उभ्याने, ओठ हलवत वाचली. हा धर्म आहे काय? न्हाई. हा व्यायाम आहे काय? जरासा. याने रोग बरे होतात काय? त्याला दवाखाना हाय की. मग हे आहे तरी काय, असे मी चिडून विचारले.

“तेच बघायला रोज येती मी,” त्या म्हणाल्या.

ज्याचा काही दावाच नाही असा प्रतिवादी मला आजवर भेटला नव्हता. दावा असता तर मी तो खोडून काढला असता. इथे पकडायला काहीच नव्हते, आणि म्हणूनच मला तिथून निघवत नव्हते.

मग मी प्रयोग सुरू केले. पाय जुळवून उभे राहायचे आणि चालकांनी दोन बोटांनी छातीवर ढकलायचे. पहिल्या वेळी मी प्रभाग कार्यालयातल्या एका विशिष्ट उत्तराचा विचार करीत उभा राहिलो, ज्यात ‘आपला’ हा शब्दही चुकीचा लिहिला होता. मी दोन पावले मागे गेलो. दुसऱ्या वेळी लक्ष नाभीखालच्या तीन बोटांवर ठेवले. मी हललो नाही. प्रयोग उलटसुलट क्रमाने केला, डोळे मिटून केला, चालकांना न सांगता केला. प्रत्येक वेळी तेच. मी वहीत लिहिले: ‘तक्रार डोक्यात असता इसम दोन बोटांनी ढळतो. कारण अज्ञात.’ चालकांनी ते खांद्यावरून वाचले आणि मला विचारले की इसम म्हंजी तुमीच ना.

बाईंनी एकदा बादलीभर पाणी आणि चुना लावायचा लहान कुंचला आणला. त्या जपानी वृद्धेने त्यांना शाईने एक रेघ काढायला लावली होती. इकडे तशी शाई मिळत नाही आणि लागतही नाही, असे त्या म्हणाल्या. व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर पाण्याने एक आडवी रेघ काढायची. बस्स. मी काढली. सुरुवातीला ती जाड आणि ओघळलेली, मधे तुटलेली, शेवटी नुसता ओरखडा. बाई रेघेकडे पाहतच नव्हत्या. त्यांनी माझ्या अंगठ्याच्या नखावर बोट ठेवले. नख पांढरे पडले होते.

“मन हितं अडकलंय,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना कार्बनचे सांगितले. पाच प्रती निघायच्या तर अंगठा दाबावाच लागतो, ते माझे कौशल्य आहे. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, आत्ता खाली किती प्रती हायेत?

फरशी वाळत चालली होती. दहा मिनिटांत माझ्या रेघेचा मागमूसही राहिला नाही. लिहिलेले काही असे जावक नोंदीशिवाय नाहीसे होताना पाहणे मला प्रथम असह्य झाले आणि मग मी आणखी नऊ रेघा काढल्या. नवव्या रेघेच्या वेळी एक शोध लागला. बाहेर रस्त्यावर कोणीतरी विनाकारण हॉर्न वाजवत होते. हे आपल्याला अन्यायकारक वाटते आहे असे मला समजण्याच्या आधी अंगठा दाबला गेला होता. म्हणजे राग आधी अंगठ्यात येत होता आणि कारण मागाहून शोधले जात होते. तक्रार आधी आणि कलम नंतर. हे मी कोणाला सांगितले नाही. वहीतही लिहिले नाही.

त्याच आठवड्यात सभागृहाच्या दारावर नवा कागद लागला. यावर सही होती, दिनांक होता, जावक क्रमांक होता; एकही चूक नव्हती. सुनावणी होईपर्यंत सोमवारपासून सभागृह बंद राहील. संदर्भाच्या रकान्यात माझे पत्र होते आणि त्याच्याखाली एका वरिष्ठ कार्यालयाचे, ‘तात्काळ कार्यवाही करून अहवाल सादर करावा’. अकरा वर्षांत प्रथमच माझ्या माहितीस्तव प्रतीने काम केले होते.

मी त्याच दिवशी प्रभाग कार्यालयात तक्रार मागे घेण्याचा अर्ज घेऊन गेलो. तिथल्या लिपिक बाई मला अनेक वर्षे ओळखतात. त्यांच्या कपाटात माझ्या नावाची स्वतंत्र फाईल आहे. त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली आणि मग शांतपणे समजावले की तुमचं पत्र तुम्ही मागे घेऊ शकता, भाऊसाहेब, पण वरून आलंय ते तुमचं पत्र नाही, वरच्यांचं आहे. त्याचं उत्तर आम्ही द्यायचं.

हा नियम मला पाठ होता. किंबहुना त्याच्याच भरवशावर मी आयुष्यभर प्रती काढल्या. तरीही दोन दिवस शेअर रिक्षाने शहरात जाऊन चारही कार्यालयांची दारे वाजवली. एका ठिकाणच्या गृहस्थांनी माझा अर्ज दोनदा वाचला. “काका, ही प्रत माहितीसाठी आली होती,” ते म्हणाले. “माहिती झाली. आता ती परत कशी देऊ?” त्यांच्या म्हणण्यात कायद्याची कोणतीही चूक नव्हती, हे मला फार लागले.

सोमवारी दाराला कुलूप होते. पत्नी नेहमीप्रमाणे घराबाहेर पडली आणि वीस मिनिटांत परतली. पुढचे तीन आठवडे ती घरातच बसून पाहत होती. स्वयंपाकघरात चादर अंथरी, टाचांवर बसे. मग दूधवाला येई, कुकर आठवे, मी खोकत असे. मी खोकला दाबून धरला तर दाबलेला खोकला तिला ऐकू येई. दहाव्या-बाराव्या दिवशी ती चादरीची घडी घालत म्हणाली, “इथं नाही जमत. घरात मी घरातच असते.” त्या तीन आठवड्यांत मी एकही पत्र लिहिले नाही. तिने त्याबद्दल विचारले नाही, पण दुपारी चहा झाला की ती क्षणभर दिवाणाकडे पाही आणि मग दुसऱ्या खोलीत जाई.

सुनावणीला अधिकारी, लिपिक बाई, शिकवणाऱ्या बाई, चालक, वर्गातले सात-आठ जण आणि माझी पत्नी हजर होती. अधिकाऱ्यांनी मला तक्रार वाचायला सांगितली. मी उभा राहिलो आणि वाचू लागलो. तिसऱ्या परिच्छेदाशी माझा आवाज चढला. ‘बेकायदेशीर’ या शब्दावर तो पुरता चढला. खोलीत कोणीतरी खुर्ची मागे सरकवली. शिकवणाऱ्या बाईंचे हात मांडीवर होते आणि त्यांचे खांदे, जे कधी वर गेलेले मी पाहिले नव्हते, वर गेलेले होते. माझ्या हातात कागद होता, त्यावर अंगठ्याचे नख पांढरे पडले होते.

मी कागद टेबलावर ठेवला आणि उरलेले तोंडी सांगितले. परवानगी घेतलेली नव्हती, हे खरे. टेबल व्हरांड्यात ठेवले, हेही खरे. यातील एक शब्दही मी मागे घेत नाही. परंतु मागणी चुकली. कुलूप मागायला नको होते. रीतसर परवानगी द्यावी अशी मागणी करायला हवी होती, ती मी आता करतो. तसेच माझी पत्नी या वर्गाची विद्यार्थिनी असल्याने माझा या प्रकरणात हितसंबंध आहे आणि तो नोंदवून घ्यावा.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले. मग आता विरोध कोणाचा आहे, असे त्यांनी विचारले. त्यांनी माझ्या पत्नीकडे पाहून विचारले, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

माझ्या विवाहित आयुष्यात तिला कार्यालयात उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. ती उठली. पदर सारखा केला नाही, घसा साफ केला नाही.

“मला सकाळी साडेसहा ते साडेसात ती खोली हवी आहे,” ती म्हणाली. “दुसरीकडे मला बसता येत नाही.”

तिथे काय करता, असे अधिकाऱ्यांनी विचारले.

“बसते,” ती म्हणाली आणि खाली बसली.

मी सात परिच्छेद लिहिले होते.

बाईंनी लेखी अर्ज करावा, वर्ग सुटल्यावर टेबल आत आणून ठेवावे आणि, माझ्या आग्रहावरून, वर्ग सर्वांना खुला ठेवावा, या तीन अटींवर परवानगी द्यायचे ठरले. अर्ज मी लिहून दिला, दोनच परिच्छेदांचा. बाईंनी तो ओठ हलवत वाचला आणि ‘अन्यायकारक’ या शब्दावर बोट ठेवून विचारले, ह्ये कशाला? कुनी अन्याय केलाय? मी तो शब्द काढला. तळाशी प्रत कोणालाही दिली नाही. एवढा मोकळा तळ असलेला कागद माझ्या हातून प्रथमच गेला आणि तो दिवसभर मला उघड्यावर राहिल्यासारखा वाटत होता.

आठ दिवसांनी कुलूप निघाले. त्या सकाळी मी सहालाच आंघोळ करून, सैल पायजमा घालून तयार झालो. पहिला दिवस सोडला तर इतके दिवस वर्ग सुटल्यावरच गेलो होतो. चौदा जण एकत्र स्तब्ध बसतात तेव्हा आतून काय होते, हे मला कळून घ्यायचे होते. पत्नी दारात चपला घालत होती. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

“तुम्ही कुठं निघालात?”

“वर्गाला.”

“तुम्ही संध्याकाळी बसा. बाई संध्याकाळीही घेणार आहेत, मी विचारून ठेवलंय. ते चालक आहेतच सोबतीला.”

मी तिला सांगितले की आदेशाच्या तिसऱ्या अटीप्रमाणे सकाळचा वर्ग सर्वांना खुला आहे, कोणत्याही रहिवाशाला वेळ निवडण्यापासून रोखता येणार नाही, आणि ही अट नोंदवून घेण्यासाठी मीच आग्रह धरला होता. माझा आवाज चढला असावा. ती उंबऱ्याशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. तिचे खांदे खाली होते, श्वास कुठे अडकलेला दिसला नाही. माझे संपल्याची खात्री झाल्यावर ती बोलली.

“अट बरोबर आहे. पण तो तास माझा आहे.”

आणि ती गेली. मी पायजम्यात दारात उभा राहिलो. शेजाऱ्यांनी विचारले, आज इतक्या लवकर? मी आत जाऊन दूध तापत ठेवले.

आता मी संध्याकाळी जातो. चालक मला अजून दोन बोटांनी ढकलतात आणि मी अजून अधूनमधून ढळतो, विशेषतः वर्तमानपत्र वाचून गेलो तर. सकाळी ती निघाल्यावर मी दूध तापवतो. तिथे भिंतीकडेला बसून ती काय पाहते याचे कुतूहल कमी झालेले नाही, उलट वाढतच चालले आहे. एकदा मी विचारलेही होते. ती म्हणाली, रोज वेगळं असतं, आणि भाजी निवडायला घेतली. मी समोर बसलो. ती पुढे काही सांगेल असे वाटले, म्हणून मीही मेथीची एक जुडी ओढून घेतली. मेथी संपेपर्यंत मी तिथेच बसलो.